बारा घरांची विरार लोकल

अर्नाळ्याला समुद्र आहे, समुद्रात किल्ला आहे, गावात एसटीचा थांबा आहे. मात्र रूळ नाहीत. आपली आगगाडी विरारला सुरू होते. पहाटे घरातली कर्ती माणसे एसटीने किंवा रिक्षाने विरार गाठतात, लोकलमध्ये शिरतात आणि रात्री थकून परत येतात. मधला सारा दिवस त्या गाडीने नेलेला असतो. म्हणूनच आपल्या मुलांच्या खेळात गाडी फार लवकर येते. काडेपेट्या एकामागे एक लावल्या की लोकल, पाट ओळीने मांडले की लोकल, एकमेकांचा सदरा धरून अंगणात धावले की तीही लोकल.

याच खेळाचे मोठे रूप जगात एक छंद म्हणून नावारूपाला आले आहे. प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून हुबेहूब आगगाडी उभी करायची आणि ती रुळांवर चालवायची, असा हा छंद. शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत अनेक जण त्यात रमतात. आपल्याकडे मात्र हे ऐकताच पहिला प्रश्न येतो, "हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याला कसे परवडायचे?"

प्रश्न रास्त आहे. हातावर पोट असलेल्या घराने तो विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर थोडक्यात असे की, या छंदात महाग असते ते प्लास्टिक आणि मोलाचे असते ते मोजमाप. मोजमाप शिकायला पैसा लागत नाही. उरला प्लास्टिकचा खर्च. तो एकाच घराने का सोसावा? बारा घरांनी मिळून सोसला तर बारा डब्यांची विरार लोकल उभी राहू शकते. ती कशी, ते आता क्रमाने पाहू.

एका सुताराचा ठोकळा

ज्या ठोकळ्यांना सारे जग 'लेगो' म्हणून ओळखते, त्यांची सुरुवात डेन्मार्क देशातल्या बिलुंड नावाच्या गावात झाली. ओले कर्क क्रिस्तियान्सेन हा तिथला सुतार. १९३० नंतरच्या मंदीत घरे बांधण्याची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ मध्ये त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ मध्ये त्याने आपल्या मालाला 'लेगो' हे नाव दिले. डॅनिश भाषेतल्या 'चांगले खेळा' या अर्थाच्या दोन शब्दांवरून ते आले आहे. १९४९ मध्ये प्लास्टिकचे ठोकळे निघाले, पण ते नीट धरून राहत नसत. पुढे ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या बसवण्याची युक्ती निघाली. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या खालच्या ठोकळ्याच्या गोल उठावांना घट्ट पकडतात. या युक्तीचे पेटंट मागणारा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो, यावरून त्यामागच्या मोजमापाची काटेकोरता कळते.

वरच्या त्या गोल उठावांना आपण या लेखापुरते 'गुंड्या' म्हणू. आठ गुंड्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ निरनिराळ्या रीतींनी जोडता येतात. असेच सहा ठोकळे घेतले तर रीती होतात ९१,५१,०३,७६५! मूठभर ठोकळ्यांत ९१ कोटींहून अधिक आकार दडलेले असतात. म्हणून पेटी लहान असली तरी मुलाचा खेळ लहान राहत नाही.

१९६६ मध्ये या ठोकळ्यांना चाके, रूळ आणि बॅटरीवर चालणारी मोटर मिळाली आणि ठोकळ्यांची आगगाडी धावू लागली. पुढे रुळांतून वीज घेणाऱ्या गाड्या आल्या. आता पुन्हा गाडीतच बॅटरी ठेवण्याची पद्धत आहे. मोठ्यांचा खरा छंद सुरू होतो तो तयार संच बाजूला ठेवल्यावर. आपल्या गावाजवळून जाणारी गाडी, आपल्या ओळखीचे इंजिन स्वतः मोजून, स्वतः आराखडा काढून उभे करायचे, यात या मंडळींना खरी गोडी वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही आगगाडीच्या प्रतिकृतींचे वेड जुने आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय उभारले. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तिथल्या गाड्या ठोकळ्यांच्या नाहीत, पण सिग्नल, पूल, रस्ते यांच्यासह एक सबंध शहरच तिथे लहान करून मांडले आहे. सहलीला पुण्याला जाणाऱ्या शाळांनी मुलांना ते जरूर दाखवावे.

आधी चौकटीची वही

आता कामाला लागू. त्यासाठी पहिली खरेदी ठोकळ्यांची करायची नाही. गणिताची चौकटींची वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढेच घ्यायचे. वहीतला एक चौकोन म्हणजे एक गुंडी असे धरायचे.

ठोकळ्यावर एका गुंडीच्या मध्यापासून दुसऱ्या गुंडीच्या मध्यापर्यंत बरोबर ८ मिलिमीटर अंतर असते. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. एक तृतीयांश उंचीची जी पातळ पट्टी मिळते ती ३.२ मिलिमीटरची. याचा अर्थ तीन पट्ट्या म्हणजे एक ठोकळा. आणि गंमत अशी की पाच ठोकळे उभे रचले तर ४८ मिलिमीटर होतात आणि सहा गुंड्या आडव्या मोजल्या तरी ४८ मिलिमीटरच होतात. उभे माप आणि आडवे माप इथे एकमेकांना भेटतात. सहावी-सातवीच्या मुलाला हे हिशेब स्वतः करू द्या. पुस्तकात कंटाळवाणा वाटणारा लसावि इथे त्याला हाताने चाचपता येतो.

आता खरी लोकल घेऊ. मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर, म्हणजे १२ फूट रुंद असतो आणि लांबी २० ते २१ मीटरच्या आसपास असते. ठोकळ्यांच्या गाड्या बहुधा सहा गुंड्या रुंद करतात. सहा गुंड्या म्हणजे ४८ मिलिमीटर. खऱ्या डब्याचे ३६६० मिलिमीटर भागिले ४८ केले की उत्तर येते ७६. आपली गाडी खऱ्या गाडीच्या ७६ पट लहान झाली. मग लांबीही ७६ पटच लहान हवी. सुमारे २०.७ मीटर भागिले ७६ म्हणजे २७ सेंटिमीटर, म्हणजेच ३४ गुंड्या. झाला आपला डबा: सहा रुंद, चौतीस लांब.

याच भागाकाराला प्रमाण म्हणतात. इमारतीचा नकाशा, गावाचा नकाशा, यंत्राचे रेखाचित्र, शिंप्याचे बेतणे हे सारे प्रमाणावर चालते. आयटीआयमध्ये फिटर किंवा ड्राफ्ट्समनच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात जे अवघड जाते, ते आपले मूल दहाव्या वर्षी खेळता खेळता शिकले तर काय बिघडले?

रुळांचा हिशेब तर आणखी मजेचा आहे. आपली लोकल ब्रॉडगेजवर धावते. तिच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. ठोकळ्यांच्या गाडीच्या रुळांमध्ये ३७.५ मिलिमीटर अंतर असते. रुळांच्या मापाने प्रमाण काढले तर ते ४५ येते. त्या हिशेबाने डबा दहा गुंड्या रुंद आणि जवळजवळ ५७ गुंड्या लांब करावा लागेल. एवढा मोठा डबा देखणा दिसतो, पण वळणावर अडतो. म्हणजे सहा गुंड्यांची गाडी केली तर रूळ तिच्या मानाने रुंद दिसणार, आणि दहा गुंड्यांची केली तर ठोकळे पुरणार नाहीत व वळण घेता येणार नाही. कुठे काय सोडायचे आणि काय धरायचे, हा निर्णय मुलाला स्वतः घ्यायचा असतो. खऱ्या इंजिनियरलाही रोज हेच करावे लागते.

बोगी म्हणजे काय?

आपण बोलताना सबंध डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा. प्रत्येक डब्याखाली असे दोन सांगाडे असतात आणि ते डब्याच्या तळाशी एका खुंटाभोवती थोडे फिरू शकतात. म्हणून एवढा लांब आणि ताठ डबा वळणावरून जातो.

हे वाचून मुलाला फारसे कळणार नाही. त्याला आधी डब्याच्या तळाला चाके पक्की बसवू द्या. गाडी सरळ रुळावर धावेल आणि पहिल्याच वळणावर घसरेल. मग चाकांचा सांगाडा फिरता करायला सांगा. या ठोकळ्यांच्या वळणाची त्रिज्या ४० गुंड्या, म्हणजे ३२ सेंटिमीटर असते आणि १६ वाकड्या तुकड्यांचे एक पूर्ण वर्तुळ होते. बाहेरून बाहेर मोजले तर ते पाऊण मीटरच्या आत बसते. दहा बाय दहाच्या खोलीत पथारी गुंडाळून ठेवली की एवढी जागा सहज निघते.

चाकाच्या आतल्या बाजूला जी उंच कड असते, तीच चाकाला रुळावरून उतरू देत नाही. खऱ्या गाडीलाही तशीच कड असते. फलाटावर उभे असताना समोरच्या रुळावरील गाडीची चाके दिसली तर मुलाला ती कड दाखवा. मात्र निरीक्षण फलाटावरूनच, पिवळ्या रेघेच्या आत उभे राहून. मोजमापाच्या नादात कुणी रुळांजवळ जाता कामा नये, हे मुलांना आधी बजावून ठेवा.

घरातले गुरू

आमच्या मते या छंदाची सर्वांत मोठी कमाई इथे आहे. आपल्या घरातले पुष्कळ आईवडील मुलांच्या अभ्यासापुढे स्वतःला कमी समजतात. "आम्हाला काय कळतंय? तुझं तू बघ," असे म्हणून बाजूला होतात. ठोकळ्यांच्या गाडीपुढे मात्र त्यांचे हात बोलू लागतात.

गवंडीकाम करणाऱ्या बापाला विचारा, विटांचा एक थर दुसऱ्या थरावर कसा ठेवायचा? तो लगेच सांगेल, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट आली पाहिजे. यालाच सांधमोड म्हणतात. मुलाने डब्याची भिंत सांध्यावर सांधा ठेवून रचली तर उचलताच ती उभी फाटते. बापाच्या सांगण्यावरून सांधे मोडून रचली तर तोच डबा हातातून पडला तरी बहुधा शाबूत राहतो. जे ज्ञान बाप रोज उन्हात उभा राहून वापरतो, ते मुलाच्या हातात असे येते.

गोधडी शिवणाऱ्या किंवा दोऱ्याने भरतकाम करणाऱ्या आईला चौकटी मोजून नक्षी बसवणे नवे नाही. डब्यावरचा रंगाचा पट्टा कितव्या चौकोनापासून सुरू करायचा आणि दोन्ही टोकांना सारखा कसा आणायचा, हे तिला विचारावे. जुनी पिवळी-तपकिरी लोकल करायची की अलीकडची पांढरी-जांभळी, हेही तिलाच ठरवू द्यावे. सुतार, फिटर, वेल्डर, होडी दुरुस्त करणारा, ज्याच्या हातात कसब आहे तो प्रत्येक जण या खेळात मुलाचा गुरू होऊ शकतो. आपल्या बापाला, आपल्या आईला काही येते आणि ते शाळेतल्या गणिताच्याच जातकुळीचे आहे, हे मुलाला कळले तर त्याची मान ताठ होते. आईवडिलांचीही होते.

आजोबा-आजींनाही सोडू नका. विरार आणि मुंबईतील बॅक बे यांच्या दरम्यान पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. तेव्हा दिवसाला एकच फेरी असे. चर्चगेट ते बोरिवली ही फक्त स्त्रियांची पहिली गाडी ५ मे १९९२ रोजी सुरू झाली. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी आली. यांतल्या शेवटच्या दोन तारखा घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांदेखतच्या आहेत. मुलाने त्यांच्याकडून त्या काळच्या डब्यांचे रंग, बाकडी, गर्दी यांची माहिती वहीत लिहून घ्यावी. गाडी उभी करताना ती कामाला येते.

पैशाचा हिशेब

आता मुख्य अडचण. परदेशी नावाच्या मोठ्या ट्रेन-संचाची किंमत कित्येक मजूर घरांच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त असते. आयात खेळण्यांवरची जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. असा संच घेण्यासाठी कुणी कर्ज काढू नये, मुलांनीही त्यासाठी हट्ट धरू नये.

मात्र मार्ग आहेत. ठोकळ्यांच्या मूळ जोडणीवरील पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे त्याच मापाचे ठोकळे दुसऱ्या कंपन्याही करतात आणि त्यात बेकायदा काही नाही. खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आपल्याजवळच्या ठोकळ्यांत नवा ठोकळा घट्ट बसतो का. दोन, खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे का. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. चिन्ह नसलेले स्वस्त खेळणे दारात आले तरी घेऊ नये.

घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल तर ठोकळ्यांची पेटी उंचावर ठेवा. लहान तुकडा घशात अडकू शकतो. शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी आणि लहान लोहचुंबक गिळले गेले तर त्याहून भयंकर इजा होते. असे झाल्याचा संशय आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

ठोकळे अजिबात नसतील तरी छंद अडत नाही. चौकटीच्या वहीत काढलेला डबा जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, दुमडा आणि बाटल्यांच्या झाकणांची चाके लावा. प्रमाण तेच, माप तेच. पुठ्ठ्याची गाडी ठोकळ्यांच्या गाडीशेजारी उभी केली तर दोघी सारख्याच मापाच्या दिसतील. कुणाच्या घरी संगणक असेल तर ठोकळे पडद्यावर जोडण्याची विनामूल्य सोयही आहे. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन या तरुणाने १९९५ मध्ये 'एलड्रॉ' नावाची अशी प्रणाली तयार करून सर्वांना फुकट दिली. १९९७ मध्ये तो वारला, पण जगभरच्या हौशी मंडळींनी त्याचे काम पुढे चालवले.

बारा घरे, बारा डबे

आता आमची सूचना. एका डब्याच्या भिंतींना किती ठोकळे लागतात? एका थरात ७६ गुंड्या. चार गुंड्यांचे ठोकळे घेतले तर थराला १९ आणि पाच थरांना ९५. दारे-खिडक्या वजा केल्या तर त्याहून कमीच. तळ आणि छप्पर पातळ पट्ट्यांचे किंवा पुठ्ठ्याचे करावे. एवढे ठोकळे जमवणे एका घराला, निदान दोन शेजाऱ्यांना मिळून जमण्यासारखे आहे. बारा डबे एका घराला कधीच जमणार नाहीत. म्हणून बारा घरांनी एकेक डबा करावा.

यासाठी आधी एक बैठक घ्यावी आणि नियम वहीत लिहून काढावेत. सर्वांचा डबा सहा गुंड्या रुंद आणि चौतीस लांब. जोडणीचा आकडा सर्वांचा सारख्या उंचीवर. पट्ट्याचा रंग एकच. एवढे पाळले की बाकी आतली बाकडी, दांडे, पंखे, दारात उभा असलेला माणूस हे ज्याचे त्याने ठरवावे. एकाचा आकडा जरी वर-खाली झाला तरी सगळी गाडी जोडली जात नाही. दुसऱ्यासाठी आपले काम नेमके करायचे असते, हे बारा मुलांना कुणी न सांगता कळेल.

मग एखाद्या रविवारी समाजमंदिरात किंवा विहाराच्या सभागृहात सारे डबे आणावेत. सत्तावीस सेंटिमीटरचे बारा डबे आणि मधल्या फटी मिळून गाडी सव्वाअकरा फुटांच्या आसपास भरेल. बारा डबे ओढायला लहान मोटर पुरणार नाही. सतरंजीवर सरळ रेघ आखून हातानेच ढकलावी. मोटर नंतर वर्गणीतून येईल. काम झाल्यावर डबे ज्याच्या त्याच्या घरी जातील, किंवा वस्तीच्या वाचनालयात एक सामाईक पेटी ठेवावी आणि पुस्तकांसारखी तिची नोंदवही ठेवावी.

आणखी एक विनंती. बारा डब्यांपैकी निदान सहा तरी मुलींनी केलेले असावेत. घरात गाडी आणि हातोडा भावाला, भातुकली बहिणीला अशी वाटणी नकळत होते. खऱ्या लोकलमध्ये आज स्त्रिया मोटरमनचे काम करतात. मुंबईच्या लोकलवर ती सुरुवात सुरेखा यादव यांनी २००० साली केली. आपल्या लेकीच्या हातात ठोकळा देताना ही गोष्ट तिला सांगावी.

ठोकळे जोडले म्हणून कुणाला रेल्वेत नोकरी लागणार नाही, तसे वचन आम्ही देत नाही. परीक्षेच्या दिवसांत पेटी बंद ठेवावी, हेही आम्ही सांगतो. पण जी गाडी रोज आपली माणसे नेते आणि आणते, ती कशी मोजली, कशी जोडली आणि वळणावर ती का घसरत नाही, हे आपल्या मुलांना कळलेच पाहिजे. सुट्टी लागली की आधी चौकटीची वही आणा. पहिला डबा कागदावर उतरला की शेजाऱ्याचे दार वाजवा आणि विचारा, दुसरा डबा कोण करणार?